आमचं पहिलं कोलेट

लेथ राहणार की जाणार, एवढा एकच प्रश्न त्या दसऱ्याला आमच्या घरात होता. झेंडूची तोरणं होती, आपट्याची पानं होती, श्रीखंडासाठी चक्का टांगलेला होता; पण कुणीही तोंड उघडलं की बोलणं फिरून लेथवरच यायचं. आणि माझं तोंड तर कायम उघडंच.

मी दौंडची. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. आमच्या घरी रात्री सांगितल्या जायच्या त्या गोष्टी राजाराणीच्या नव्हत्या. कुठल्या इंजिनाचं बेअरिंग कसं जळालं आणि ते कुणी कसं बसवलं, याच्या होत्या. लग्न होऊन शिरूरला आले तर इथंही तेच. एसटी स्टँडच्या मागं पत्र्याची शेड. पुढच्या भागात लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, मागच्या भागात चूल, मधे गोणपाटाचा पडदा. पहिल्याच सकाळी त्या पडद्यातून तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास आला आणि मला माहेरीच असल्यासारखं वाटलं. बाकीच्या नव्या सुना पहिल्या दिवशी रडतात म्हणे. मी पडदा सारून मशीन बघायला गेले.

आमचे मालक निमोण्याचे. गावाकडची शेती थोरल्या दिरांकडं. हे पुण्यात एका वर्कशॉपात काम शिकले आणि जुना, पट्ट्यावर चालणारा लेथ घेऊन शिरूरला बसले. गावात लोक हसले. “नांगर सोडून लोखंड कातायला गेला, बघू किती दिवस टिकतोय,” म्हणाले. कुंभाराच्या चाकावर माती उभी फिरते. लेथवर धातू आडवा फिरतो आणि हत्यार त्याला कातत जातं, इतकाच काय तो फरक. पण तो फरक निमोण्यात कुणाला पटवून द्यायचा?

स्वभावानं मालक अबोल, देवभोळे आणि टापटिपीत इतके कडक की लेथवर बोट फिरवून धूळ बघायचे. मी त्यांच्या बरोबर उलटी. नाकाच्या शेंड्यावर राग आणि जिभेला हाड नाही. पण हात मात्र माझा स्थिर होता. ते जेवायला बसले की मशीन थांबू नये म्हणून मी उभी राहायची. आधी कीस झाडायची, मग पिना कातायला लागले, मग बोअर मारायला, म्हणजे आतलं भोक मापाला कातायला. स्टँडवर उतरलेली माणसं पदर खोचून लेथवर उभी असलेली बाई बघायला थांबायची. मी म्हणायची, “बघा, बघा, फुकट आहे.”

बहात्तरचा दुष्काळ सरला होता. लोकांनी पुन्हा पेरायला घेतलं होतं आणि फवारणीच्या पंपांना गिऱ्हाईक आलं होतं. दौंडला असे पंप जोडणारा एक छोटा कारखाना निघाला आणि त्यांना पितळी बुश हवे होते. बुश म्हणजे पातळ पितळी पाइपाचा बोटभर तुकडा, आतून नेमक्या मापाला कातलेला. त्यातून पंपाचा दांडा वर-खाली सरकतो. बुश आतून गोल नसला तर दांडा अडतो, नाही तर औषध गळून फवारणाऱ्याच्या पाठीवर उतरतं. काम मोठं होतं, कायमचं होतं. आमच्याकडं तोवर कुणाच्या बैलगाडीचा खिळा, कुणाच्या इंजिनाची पिन, असली किरकोळ कामं यायची. त्यावर घर चालत नव्हतं. मालकांनी हावरटासारखं ते काम घेतलं. मला काय आनंद झाला होता! मी शेजारीपाजारी साखर वाटली.

साखर जरा लवकरच वाटली.

मालक पहिले बुश घेऊन दौंडला गेले. कारखान्याच्या फोरमननं कपाटातून गेज काढला. गेज म्हणजे नेमक्या मापाचा, चकचकीत पोलादी दांडा. तो बुशात सहज सरकला तर बुश पास. त्यानं पहिल्या बुशात गेज घातला, तो अर्ध्यात अडकला. दुसऱ्यात अडकला. तिसरा त्यानं हातातही घेतला नाही.

“तुमचा बुश तिकोनी हाय,” फोरमन म्हणाला.

“मी गोलच कातलाय,” मालक म्हणाले.

“व्हय, कातला गोलच. पर मशीनवरनं सुटल्यावर तिकोनी झाला.”

त्याचं खरं होतं. आमच्या लेथच्या चकाला, म्हणजे कातायचा तुकडा धरणाऱ्या पकडीला, तीन जबडे. जाड लोखंडी गज त्यात घट्ट बसतो, कसला त्रास नाही. पण पातळ पितळ त्या तीन जबड्यांत धरलं की तीन जागी चिमटतं. चिमटलेल्या अवस्थेत तुम्ही आतून कितीही गोल काता. जबडे सैल केले की पितळ मागं येतं आणि गोलाचा तिकोन होतो. जबडे हलके आवळावेत, तर जॉब, म्हणजे कातायचा तुकडाच, सुटतो. आम्ही तेही करून बघितलं. एक बुश सुटला तो भिरभिरत पडद्यावरून थेट माझ्या पिठाच्या डब्यात. मालक म्हणाले, “लागलं का कुठं?” मी म्हटलं, “मला नाही, भाकरीला लागलं.”

फोरमन माणूस वाईट नव्हता. त्यानं तो गेज आमच्याकडं ठेवायला दिला आणि सांगितलं, “दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारखाना सुटायच्या आत पिशवीभर बुश आणून द्या. ह्या गेजनं पास झाले, तर काम तुमचंच. न्हाई तर मला पुण्यावरनं मागवायला लागतील.”

त्याच आठवड्यात मालकांना पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यातून पाळीच्या कामाचं बोलावणं आलं. आणि नगरचा एक वर्कशॉपवाला आमचा लेथ घ्यायला टपूनच बसला होता. मालकांनी मला न विचारता त्याला सांगून टाकलं, “दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या. काम जमलं तर चहा घेऊन जा, न्हाई जमलं तर लेथ घेऊन जा.”

हे मला कळलं तेव्हा मी भाकरी थापत होते. हात पिठाचे तसेच घेऊन मी पडद्याबाहेर आले.

“लेथ तुमचा एकट्याचा आहे का?”

“अगं, रोजचं काम न्हाई, काय करायचं मग? पिंपरीला पगार हाय, चाळीत खोली मिळंल.”

“खोली मिळेल! आणि मी त्या खोलीत काय करू? खिडकीतून कारखान्याचा भोंगा ऐकू? तिथं मला लेथला हात लावू देणारे का कुणी?”

मला रडू आलं, पण रागाचं. लोक माहेरी जातात रुसून. मी दुसऱ्या दिवशी दौंडची एसटी धरली ती तिकोनी बुश पिशवीत घालून.

आप्पा ड्यूटीवरून आले, हात धुतले, बुश उजेडात धरून त्यातून एका डोळ्यानं बघितलं. मग मला विचारलं, “पोरी, बांगड्या भरताना कासार तुझा हात कसा धरतोय? तीन बोटांनी चिमटून?”

“छे! सगळीकडून दाबतो. मूठ गोळा करतो.”

“मग पितळाला पण तसंच धरायचं. त्याला कोलेट म्हंत्यात.”

नाव मी ऐकलं होतं, वस्तू कधी बघितली नव्हती. आप्पांनी मला जमिनीवर खडूनं काढून दाखवली. पोलादी नळी, बाहेरून निमुळती, तोंडाकडून मागं तीन उभ्या फटी पाडलेल्या. लेथच्या स्पिंडलमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या पोकळ दांड्यात, निमुळतं होत जाणारं भोक असतं. कोलेट त्यात बसतं. मागचं चाक फिरवून दांडा आवळला की कोलेट आत ओढलं जातं. आत जागा अरुंद, म्हणून फटी मिटायला लागतात आणि कोलेटच्या तिन्ही फाका जॉबला चहूकडून कवेत घेतात. चिमटा नाही, मिठी. पाइप एकाच मापाचा असला की एकच कोलेट बास.

“विकत कुठं मिळतं?” मी विचारलं.

“मुंबईला. पर तुमच्या जुन्या लेथच्या मापाचं न्हाई मिळायचं. करायला लागंल.”

“मग करू या!” मी एवढ्या जोरात म्हणाले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आप्पांनी रजा टाकली आणि माझ्याबरोबर शिरूरला आले. जावई-सासरे दोघंही कमी बोलणारे. एकमेकांना नमस्कार केला आणि थेट लेथवर वाकले. गॅरेजमधून एका ट्रकचा मोडका ॲक्सल आणला होता. तो कातायला घेतला तेव्हा निळा कीस नुसता उसळत होता. बाहेरचा निमुळता भाग स्पिंडलमध्ये तंतोतंत बसला पाहिजे, म्हणून मालक खडूची रेघ ओढून कोलेट आत फिरवायचे, बाहेर काढायचे, खडू कुठं पुसला बघायचे आणि पुन्हा केसभर कातायचे. खडू सगळीकडून सारखा पुसला तेव्हा आप्पांनी पहिल्यांदा जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

फटी मी पाडल्या. हो, मीच. हॅकसॉनं. आप्पा म्हणाले होते, “हिचा हात हलत न्हाई, हिला कापू द्या.” मालकांनी करवत माझ्या हातात दिली आणि स्वतः दुसरीकडं बघत उभे राहिले, कारण बघवत नव्हतं.

मग लोहाराची भट्टी. पोलादाला कडकपणा यायला पाणी द्यावं लागतं, आणि हे पाणी तेलाचं. लोहार म्हणाला, तेल आणा. मालक इकडं तिकडं बघायला लागले, तोवर मी घरातला करडईच्या तेलाचा डबाच उचलून आणला. लाल कोलेट त्यात बुडालं तेव्हा असा धूर उठला आणि असा वास सुटला की रस्त्यावरचा एक जण विचारत आला, “भजी कुठं तळताय?” नंतर पुन्हा मंद तापवून त्यावर निळा रंग चढू दिला, म्हणजे फाका ठिसूळ न होता स्प्रिंगसारख्या लवचीक राहतात. त्या निळ्याची छटा बघायला आम्ही चौघं डोकी एकत्र करून उभे. आप्पा ओरडले, “बास! काढ!” लोहारानं काढलं. तो निळा रंग मला अजून डोळ्यांपुढं दिसतो.

पहिला बुश कोलेटमध्ये धरला. मालकांनी मागचं चाक आवळलं. पट्टा चाकावर पडला, पितळ फिरायला लागलं आणि मला कळेना ते फिरतंय की थांबलंय, इतकं सरळ! जरासुद्धा डुलणं नाही. वरच्या डब्यातून हत्यार तापू नये म्हणून साबणाचं पाणी ठिबकत होतं, पितळाचा सोनेरी कीस पडत होता. कातून झालं, चाक सैल केलं, बुश काढला, पुसला. गेज माझ्या हातात होता. मी तो बुशाच्या तोंडाशी नुसता टेकवला आणि तो आपल्या वजनानं सुळकन आत उतरला.

मी किंचाळलेच. आप्पा हसायला लागले. मालक पुन्हा पुन्हा तोच गेज घालायचे, काढायचे, घालायचे, काढायचे.

आप्पा दौंडला परत जाताना दोनच गोष्टी बजावून गेले. “रिकामं कोलेट आवळायचं न्हाई, त्याची मिठी सैल पडती. आन् फटीत कायबी ऱ्हाऊ द्यायचं न्हाई. फट म्हंजी कोलेटचा जीव हाय.”

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा, आणि आमच्याकडं पूजा झाली की दसरा मावळेपर्यंत मशीनला हात नाही. मी म्हटलं, “अहो, काम पडलंय. मशीन विसावा मागत नाही.” पण मालकांपुढं ह्या बाबतीत पालथ्या घड्यावर पाणी. सासरे, आमचे आबा, निमोण्याहून झेंडूची टोपली घेऊन आले होते. त्यांनीही मालकांचीच री ओढली. “सूनबाई, बैलाला पोळ्याला जुंपत्यात का? मग!”

मालकांनी कोलेट स्पिंडलमधून काढलं, लख्ख पुसलं, पाटावर तोंड वर करून उभं केलं. शेजारी गेज, हत्यारं, करवत. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या. बाकीच्या हत्यारांवर चिमूटभर, कोलेटवर मूठभर. नवं होतं, लाडकं होतं. डोळे मिटून एवढा वेळ हात जोडून बसले की आबांनी शेवटी खाकरून उठवलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि शेडसमोर ट्रक उभा राहिला. नगरचा वर्कशॉपवाला. मागं दोर, फळ्या, दोन हमाल. माणूस हसतमुख, अंगावर पांढरा शर्ट. “मी आपला चहा प्यायला आलोय,” म्हणाला आणि बाकड्यावर बसला. मी चहा दिला, पण साखर कमी घातली.

मालकांनी पाटावरचं कोलेट उचललं, कपाळाला लावलं, वरची फुलं-अक्षता हातानं बाजूला केल्या, मागची निमुळती बाजू फडक्यानं पुसली आणि बसवलं. मशीन सुरू झालं. पहिला बुश पास. दुसरा, तिसरा, चौथा पास. मी गेज घालत होते आणि प्रत्येक वेळी त्या नगरच्या ट्रकवाल्याकडं बघून हसत होते. आबा दारात मांडी घालून बसले होते.

मग एक बुश अडला.

मला वाटलं, कीस असेल आत. पुसून पुन्हा गेज घातला. अडलाच. पुढचा काढला, तोही अडला. मी वाकून बघितलं तर कोलेटमधलं पितळ आता फिरताना डुलत होतं. अगदी किंचित, पण डुलत होतं.

“मशीन थांबवा,” मी म्हणाले.

मालकांनी मागचं चाक आणखी आवळलं. आणखी डुललं. मग एकेकाचं सुरू झालं. मालक म्हणाले, लोहारानं पाणी नीट दिलं नाही, फाक वाकली. आबा म्हणाले, दृष्ट लागली, मीठ-मिरच्या ओवाळा. ट्रकवाला म्हणाला, “घरी केलेल्या कोलेटचं असंच असतंय. एवढं मनाला लावून घेऊ नका.” आणि त्याच्या हमालांनी दोर खाली टाकला. तो दोर जमिनीवर धप्पकन पडलेला आवाज! मी भडकले.

“उचला तो दोर! चहा संपलाय का तुमचा? मग प्या आधी!”

हमालांनी दोर उचलला. मालक हातपाय गाळून उभे होते. हळूच म्हणाले, “जाऊ दे गं. एसटीची वेळ व्हत आली. न्हाई जमलं आपल्याला.”

“कोलेट काढा बाहेर.”

“बघितलंय मी. कीस न्हाई त्यात.”

“काढा म्हणते ना!”

त्यांनी काढलं. मी ते घेऊन दारात उन्हात गेले. तिन्ही फटी मीच कापलेल्या. प्रत्येकीची रुंदी मला पाठ होती. दोन फटींतून ऊन आरपार आलं. तिसरीतून आलं नाही. तिच्या तोंडावर कुंकवाचा जाड ठिपका होता.

“हे काय आहे?”

“कुंकू हाय. पूजेचं कुंकू पुसू नये,” मालक म्हणाले.

आता बघा! धुळीचा कण दिसला तर जेवण सोडून उठणारा माणूस, पण पूजेचं कुंकू म्हटल्यावर त्यानं त्या जागी फडकं लावलंच नव्हतं. ते आपोआप झिजून जायचं असतं ना!

मी केसातला आकडा काढला, सरळ केला आणि फटीत घातला. आत काहीतरी घट्ट. खरवडलं. गुलाबी, चिवट, वाळत आलेला लगदा निघाला. बोटांवर घेऊन चोळला तर बोटाला बोट चिकटलं. हे मला ओळखायला आप्पा कशाला हवेत? दर आठवड्याला मालकांच्या सदऱ्याला घालायची मी.

“खळ आहे ही! तांदळाची खळ!”

आणखी खोल आकडा घातला, आणि बुडातून अर्धा चिरडलेला तांदळाचा दाणा टप्पकन माझ्या तळहातावर पडला. लाल. अक्षता.

सगळा उलगडा झाला. पाटावर तोंड वर करून ठेवलेल्या कोलेटच्या फटीत दाणा घसरला. सकाळी कोरडा होता, फटीत सैल पडून होता, तोवर त्यानं काही केलं नाही. मग वरून साबणाचं पाणी ठिबकत राहिलं, दाणा भिजून फुगला, दरवेळी कोलेट आवळलं की चिरडत गेला आणि फटीत त्याचा लगदा भरत गेला. दोन फटी मिटायच्या, तिसरी मिटायची नाही. मिठी वाकडी पडायची.

मी दाणा हातावर घेऊन मालकांपुढं धरला. अक्षता कुणी वाहिल्या होत्या ते तिथं सगळ्यांना माहीत होतं. मालकांचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आम्ही लोहाराला बोल लावून मोकळे झालो होतो.

आबा उठून आले, दाणा निरखून बघितला आणि लेकाला म्हणाले, “देवाला हात जोड की लेका. पर त्याच्या तोंडात भात कशाला कोंबतोस?”

ट्रकवाला बाकड्यावरून पडायचाच बाकी राहिला, इतका हसला. मालक आधी लाल झाले आणि मग तेही हसायला लागले. ते असे खदाखदा हसलेले मी तोवर बघितले नव्हते. मग त्यांनी कोलेट माझ्या हातातून घेतलं, दोन्ही हात जोडले, “माफ कर,” म्हणाले आणि रॉकेलचा बोळा घेऊन फटी, तोंड, बूड सगळं धुऊन काढलं. कुंकवाचा टिपूससुद्धा ठेवला नाही.

पुन्हा बसवलं. पुन्हा पट्टा पडला. ते कातत होते, मी गेज घालत होते. सुळकन. सुळकन. सुळकन! गेज कुठंच अडत नव्हता. ट्रकवाला उठून जवळ आला, एक बुश स्वतः हातात घेतला, गेज घातला, काढला. मग वाकून त्या कोलेटच्या फटी निरखल्या.

“वहिनी, आणखी एक चहा द्या,” म्हणाला. “पर ह्या वेळी साखर घाला.”

घातली. भरपूर घातली. जाताना तो मालकांना म्हणाला, “लेथ न्हाई तर न्हाई, माझ्या मशीनला असलं एक कोलेट करून देता का?”

“दिऊ की. फटी हीच पाडंल,” मालक म्हणाले.

रिकामा ट्रक वळून नगरच्या रस्त्याला लागला तेव्हा मी दारात उभी राहून बघत होते. आनंदानं उड्या माराव्यात असं वाटत होतं. पण एसटी गाठायची होती.

आबांना शेडची राखण सांगून आम्ही दोघं निघालो. पिशवी मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले. प्रत्येक खड्ड्याला बुश एकमेकांवर वाजायचे आणि मी पिशवीला पोटाशी धरायची. दौंडला फोरमन कारखान्याच्या फाटकात कुलूप घेऊनच उभा होता. आम्हाला बघून परत आत गेला. त्यानं पिशवी टेबलावर ओतली आणि त्यातला आपला गेज उचलून एकेक बुश त्यावर घ्यायला लागला. मी मनात मोजत होते. अर्ध्यावर आल्यावर त्यानं गेज खाली ठेवला.

“ऱ्हायलेले बघत न्हाईत?” मालकांनी घाबरून विचारलं.

“काय बघायचंय? पुढचा माल कवा देता?”

मालक सवयीनं विचार करायला लागले. मी म्हटलं, “दिवाळीच्या आधी.” फोरमननं माझ्याकडं बघितलं, मालकांकडं बघितलं. मालक म्हणाले, “ती म्हणतीय तसं.”

मुक्काम आप्पांकडं केला. तांदळाच्या दाण्याची गोष्ट ऐकून आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि आईनं मालकांची बाजू घेऊन मलाच दटावलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं शिरूरला परतलो.

आबा शेडच्या दारातच बसलेले. आम्हाला लांबून येताना बघून उठले. फक्त एवढंच विचारलं, “ऱ्हायला का?”

“राहिला, आबा! लेथ राहिला!”

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. निमोण्यातल्या लोकांचं हसणं आम्ही लांबून ऐकलं होतं, त्यांनी ते तिथं राहून रोज ऐकलं होतं. ते आत गेले, कोनाड्यात पूजेचं ताट तसंच होतं, त्यातल्या मूठभर अक्षता उचलल्या आणि थेट लेथकडं निघाले. हात वर. कोलेटचं तोंड समोर उघडं.

“आबा, नगं!” मालक असे धावले की त्यांची चप्पल दारातच राहिली. त्यांनी आबांचं मनगट वरच्या वर धरलं. आबा गोंधळून बघायला लागले, मूठ तशीच हवेत.

मालकांनी तो हात हळूच वळवला आणि माझ्या डोक्यावर आणला.

“हितं टाका,” म्हणाले.